तुम्ही विचारलंत म्हणून : घाटातलं डिझेल

पावसाळा लागला की इंदूरला आमच्याकडे पाहुणे येतात. सकाळी पोहे-जलेबी होते आणि मंडळी पाताळपाणी-कालाकुंड घाटातली हेरिटेज गाडी गाठतात. परत आल्यावर प्रश्न ठरलेला: "हेरिटेज म्हणता, मग डिझेल कशाला? वाफेचं इंजिन हवं होतं." परवा मावसभावानेही हेच विचारलं.

वाफेबद्दल मला आदर आहे. ही खांडवा-इंदूर लाईन वाफेसाठीच बांधली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. पण आमच्या पिढीने हा घाट पाहिला तो डिझेलच्या खिडकीतून, आणि घाटाचं दुखणं डिझेलला चांगलं कळलं होतं असं माझं ठाम मत आहे.

कालाकुंडहून वर येताना चढ आहे ४० ला १. चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. स्कूटरवर असाल तर जाणवणारही नाही. पण इथे लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड ती किती असणार? शंभर टनांची गाडी नुसती मागे घरंगळू नये म्हणून अडीच टनांचा जोर सतत लागतो. वर चढवणं त्याच्या पुढचं. इथलं वायडीएम-४ हे डिझेल इंजिन ७२ टनांचं, सहा आसांचं, आणि सहाही आसांना मोटर. म्हणजे सगळं वजन पकडीच्या कामी येतं. ओल्या रुळावर चाक घसरलंच तर ड्रायव्हर नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, उतरवतो, चाकापुढे वाळू सोडतो, आणि कर्रकर्र करत चाक पुन्हा धरतं. तो आवाज मला आजही झोपेत ओळखू येईल.

लहानपणी आजीबरोबर खांडव्याहून येताना कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबायची. पळसाच्या पानावरचा कलाकंद खाऊन होईपर्यंत मागे दुसरं इंजिन लागायचं, बँकर. पुढचं इंजिन शिट्टी द्यायचं, मागचं उत्तर द्यायचं, आणि मग पाठीत हलकासा धक्का. "ढकलतोय बघ तो," आजी म्हणायची. मागून ढकलल्याने डब्यांच्या कपलिंगवर ताण कमी येतो, आणि एखादं तुटलंच तरी मागचे डबे उतारावरून उलटे सुटत नाहीत. दोन ड्रायव्हर एकमेकांना दिसत नसत, सगळं शिट्टीवर.

आता ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाईन, या घाटाला वळसा घालून जाणार आहे. २५ डिसेंबर २०१८ ला हेरिटेज गाडी सुरू झाली म्हणून हे साडेनऊ-दहा किलोमीटर तरी जुन्या, अरुंद मीटरगेजवर राहिले. वाफेचं इंजिन आणून फोटो छान येतील, पण त्याला पाणी, कोळसा, ते चालवणारे हात आणि सागाच्या रानात ठिणग्यांचा घोर, सगळंच लागेल.

मावसभाऊ दिवाळीत पुन्हा येतोय. या वेळी त्याला पाताळपाणीच्या धबधब्यापाशी रेंगाळू देणार नाही. कालाकुंडला इंजिनाजवळ उभं करून चाकापुढची ती वाळूची नळी दाखवणार आहे.