तुम्ही विचारलंत म्हणून : दिसत असताना डोळे का तपासायचे?

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या नेत्रविभागात मी जवळजवळ ३० वर्षे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि डोळे तपासणारी, म्हणून काम करीत आहे. केसपेपर हातात घेऊन समोर बसणारी कितीतरी माणसे मला एकच प्रश्न विचारतात. मागच्या सोमवारी तो एका टॅक्सीचालक काकांनी विचारला. "ताई, मला सगळं व्यवस्थित दिसतंय. चष्म्याचा नंबर काढून द्या आणि मोकळं करा. थेंब कशाला, प्रेशर कशाला, पडदा कशाला? माझ्या दिवसाचा खाडा होतो." काकांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. बाहेर बाकांवर माणसे ताटकळत असताना मी या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते समोरच्याला पटलेले नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. खाडा होतो हे खरे आहे आणि प्रश्नही रास्त आहे, म्हणून त्याचे पूर्ण उत्तर इथे लिहीत आहे.

माझ्या मते या प्रश्नाचे मूळ मोतीबिंदूत आहे. मोतीबिंदूत गेलेली नजर बहुतेकांना परत मिळते आणि मुंबईतल्या प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत ती परत मिळालेले कोणी ना कोणी असतेच. सकाळी शस्त्रक्रिया होते, संध्याकाळी माणूस घरी येतो आणि थोड्याच दिवसांत भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचू लागतो. हे इतके नित्याचे झाले आहे की, डोळ्याचे काहीही बिघडले तरी ते असेच दुरुस्त होईल, असे आपण धरून चालतो.

माझ्या आजीच्या वेळी हे असे नव्हते. १९८१ साली, मी शाळेत असताना, तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी दोन वर्षे तिला 'अजून पिकला नाही' म्हणून थांबवून ठेवले होते, कारण तेव्हा डोळ्यातले गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी बहुतेकांच्या डोळ्यात काहीच बसवत नसत. भिंगाचे काम मग चष्म्याच्या जाडजूड काचेने करायचे. त्या काचेतून प्रत्येक वस्तू सुमारे पाव पट मोठी आणि म्हणून जवळ आल्यासारखी दिसे. आजी चहा गाळू लागली की धार कपाच्या अलीकडेच पडायची आणि मी कप धारेखाली सरकवायची. बाजूने येणारा माणूस चष्म्याच्या कडेशी नाहीसा होई आणि एकदम समोर उभा राही, त्यामुळे ती जिन्यात दचकत असे. तरीही ती स्वतःला भाग्यवान समजत असे, आणि तिच्या आईची पिढी आठवली तर ते खरेच होते. सुश्रुतसंहितेत वर्णन केलेली, गढूळ भिंग सुईने डोळ्यात मागे ढकलण्याची पद्धत आपल्याकडे शतकानुशतके चालत आली होती, आणि तिच्यात डोळा कायमचा गमावण्याची भीती मोठी होती.

डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याचा शोध मात्र आजीच्या शस्त्रक्रियेच्या ३२ वर्षे आधी लागून गेला होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरोल्ड रिडली यांना अशा डोळ्यांत एक गोष्ट विशेष वाटली. डोळा सहसा परकी वस्तू सहन करीत नाही, तो लाल होतो, सुजतो. पण पर्स्पेक्स या ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे वर्षानुवर्षे आत राहूनही काही डोळे शांत होते. त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग त्यांनी घडवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ते बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. नावाजलेल्या सहव्यवसायिकांनी त्यांना कडवा विरोध केला, सुरुवातीच्या भिंगांमुळे गुंतागुंतीही झाल्या, आणि ही पद्धत सर्वमान्य व्हायला तीन दशके गेली. मधल्या काळात, १९६७ साली, न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याकडे दात साफ करणारे अल्ट्रासाउंडचे उपकरण पाहून, तशाच कंपनांनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याचे तंत्र काढले. आज ज्याला लोक 'बिनटाक्याचे ऑपरेशन' म्हणतात, त्याचा पाया हाच. पण आयात केलेल्या एका भिंगाला शंभर डॉलर मोजावे लागत असतील, तर तो शोध गिरणगावाच्या काय कामाचा? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅब या संस्थेने १९९२ साली भिंगे इथेच बनवायला घेतली आणि किंमत सुमारे दहा डॉलरवर आणली. किंमत उतरवण्याच्या या कामाला मी रिडलींच्या शोधाइतकेच मानते. आमच्या विभागात येणाऱ्या माणसाला भिंग मिळाले ते त्यामुळे.

आता काचबिंदू. मराठीत या दोन आजारांची नावे सख्ख्या भावंडांसारखी आहेत आणि या साम्याने फार नुकसान केले आहे. "काचबिंदू आहे ना, मग पिकला की काढून टाका," असे मला आजही ऐकावे लागते. काचबिंदूत काढून टाकण्यासारखे काही नसते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, त्यांतले तंतू एकेक करून मरत जातात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. औषधाचे थेंब, लेझर, शस्त्रक्रिया या साऱ्यांनी आजार थोपवता येतो, पण गेलेले परत आणता येत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर बहुधा कडेकडेने जाते आणि मधली, वाचायची नजर शेवटपर्यंत टिकते. एका डोळ्यातली उणीव दुसरा भरून काढतो, आणि दोघांना मिळूनही जे दिसत नाही तिथे मेंदू काळा डाग दाखवत नाही, आजूबाजूचेच दृश्य पसरून ती जागा झाकतो.

हे मी पुस्तकात वाचले आणि त्याच वर्षी घरात पाहिले. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली. त्यांचे वाचन दांडगे होते, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते उठत नसत. चष्म्याच्या दुकानात दर दोन वर्षांनी नंबर तपासला जाई आणि तक्त्यावरची शेवटची ओळ ते दोन्ही डोळे उघडे ठेवून घडाघड म्हणत. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर डावीकडून येणारी माणसे त्यांना धडकत आणि वर "दिसत नाही का?" म्हणून ओरडत, तेव्हा गर्दी वाढली आहे, एवढाच अर्थ आम्ही घेतला. १९९३ साली मी शिकत होते. सरावासाठी महाविद्यालयातून ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, घरी आणला होता. खोलीतला दिवा मालवून मी वडिलांच्या डाव्या डोळ्यात पाहिले. नसेचा गुलाबी गोल आणि त्याच्या मधोमध लहानसा खळगा दिसायला हवा होता. मला फिकट, जवळजवळ पांढरा गोल दिसला आणि खळगा त्याच्या काठापर्यंत पसरलेला होता. मला नीट पाहताच येत नाही, असे समजून मी उपकरण ठेवून दिले. तीन दिवसांनी संकोचाने सरांना सांगितले, तेव्हा त्यांनी वडिलांना घेऊन यायला सांगितले.

माझ्या हातातल्या त्या उपकरणाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण डोळ्यांच्या सर्व शोधांत मी त्याला पहिले स्थान देते. बाहुली काळी का दिसते? आत अंधार असतो म्हणून नव्हे. आत शिरलेला प्रकाश पडद्यावरून परततो, पण ज्या वाटेने आला त्याच वाटेने परततो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी ठेवावा लागेल, आणि आपण वाकून पाहू लागलो की आपलेच डोके दिव्याच्या आड येते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली ही अडचण काचेच्या तिरप्या पट्ट्यांनी सोडवली. पट्ट्यांवरून परावर्तित झालेला उजेड डोळ्यात जातो आणि परतणारा उजेड त्याच पट्ट्यांमधून आरपार येऊन पाहणाऱ्याला मिळतो. जिवंत माणसाची नस आणि रक्तवाहिन्या, त्वचेला कुठेही छेद न देता, माणसाने पहिल्यांदा पाहिल्या त्या अशा. पुढच्याच काही वर्षांत बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूतली नस पाहिली. सुरुवातीला तो खळगा त्यांना उंचवटा वाटला होता, आणि नंतर चूक दुरुस्त झाली. नवशिक्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते.

"चार-चार मशिनी कशाला?" याचे उत्तर वडिलांच्या त्या दिवशीच्या केसपेपरवर आहे. त्यांचे प्रेशर १९ निघाले. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असणे ठीक मानतात. तो मोजणारे हान्स गोल्डमान यांचे १९५० च्या दशकातले उपकरण आजही आमच्या टेबलावर आहे, बुबुळावरचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो, यावरून ते दाब सांगते. उपकरण अचूक होते, पण दाब दिवसभरात वरखाली होतो, आणि काही माणसांची नस २१ च्या आतल्या दाबानेही मरत जाते. केवळ प्रेशर पाहून थांबलो असतो, तर वडिलांना 'सर्व ठीक' असा शेरा मिळाला असता. म्हणून नस पाहायची आणि मग फील्ड, म्हणजे नजरेच्या आवाक्याची तपासणी, करायची. एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसायचे, नजर मध्यावर ठेवायची आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचे. ही तपासणी सर्वांना नकोशी वाटते. माणसे थकतात, आपण नापास झालो असे त्यांना वाटते. त्यांना मी सांगते की, पुष्कळ ठिपके इतके मंद असतात की निरोगी डोळ्यालाही ते दिसत नाहीत. त्यातून जो नकाशा कागदावर उमटतो, तो दुसरे कोणतेही यंत्र देऊ शकत नाही, कारण आजाराने माणसाचे नक्की काय हिरावले आहे, हे फक्त त्यात असते. वडिलांच्या डाव्या डोळ्याचा नकाशा बहुतांश काळा होता. उजव्यात वरच्या बाजूला एक कमान काळवंडली होती.

आज असा रुग्ण आला तर ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) हे प्रकाशाने केलेले स्कॅन त्याहून लवकर बोलते. १९९१ साली अमेरिकेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडले. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, इथे प्रकाशाचा. पण प्रकाश इतका वेगवान आहे की त्याचा प्रतिध्वनी घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून परतलेला किरण आरशावरून आलेल्या दुसऱ्या किरणाशी ताडून पाहतात. पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्याचे थर त्यात वेगवेगळे दिसतात आणि नसेच्या तंतूंचा थर किती पातळ झाला, हे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, कळते. पुष्कळदा हा थर झिजू लागल्यानंतर काही काळाने फील्डमध्ये डाग उमटतो. तो मधला काळ हाती लागणे, हीच या यंत्राची खरी किंमत आहे.

काकांच्या मधुमेहाकडे येते. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात, आणि मग उपाशी राहिलेला पडदा नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या मागवतो. त्या फुटेपर्यंत नजर तक्त्यावर पूर्ण भरू शकते. यावरच्या लेझरचा उगम सूर्यग्रहणात आहे. १९४५ च्या ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेल्या रुग्णामुळे जर्मनीचे गेर्ड मायर-श्विकेराथ यांना सुचले की, अशी भाजल्याची खूण नेमक्या जागी केली तर ती औषध ठरेल. पहिले उपचार त्यांनी आरशांनी वळवलेल्या सूर्यप्रकाशाने केले. ढग आले की थांबायचे. पुढे झेनॉनचा दिवा आला आणि १९६० नंतर लेझर. २००० नंतरच्या दशकात आलेली डोळ्यातली इंजेक्शने या नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे प्रथिन रोखतात आणि पडद्याची सूज वेळेत पकडली तर नजर काही प्रमाणात परतही आणतात. पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि खर्चिक असतात. लेझर तर पडद्याचा कडेचा काही भाग मुद्दाम जाळून मधला वाचवते. हा सौदा जितक्या लवकर होईल तितका स्वस्त पडतो.

खाड्याचा प्रश्न उरतोच, आणि तो सोडवणे हेही संशोधनाचेच काम आहे असे मला वाटते. थेंब न टाकता पडद्याचा फोटो घेणारे कॅमेरे आता आहेत, आणि तो फोटो वाचून मधुमेहाचा परिणाम आहे की नाही हे डॉक्टरांशिवाय सांगणाऱ्या पहिल्या संगणकप्रणालीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. टॅक्सी संघटनेच्या कार्यालयात असा एक कॅमेरा महिन्यातून एक दिवस बसवता आला, तर कोणाचे भाडे बुडणार नाही. तोवर थेंब आहेत. ते टाकल्यावर अर्ध्या तासात बाहुली मोठी होते, चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत कोणाला तरी आणायचे. काका गुरुवारी मुलाला घेऊन आले. पडद्यावर चार-सहा बारीक लाल ठिपके निघाले. लेझर नाही, इंजेक्शन नाही. साखर व रक्तदाब सांभाळा आणि सहा महिन्यांनी पुन्हा या, एवढेच डॉक्टरांनी लिहिले.

जाताना त्यांनी विचारले, हे कागद ठेवायचे की टाकायचे? सगळे ठेवायचे, तारखेप्रमाणे लावून, आणि दर वेळी सोबत आणायचे. एका कागदावरून आजार आहे हे कळते, तो थांबला की पुढे सरकला हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. वडिलांच्या फील्डचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याकडे आहेत. पहिला १९९३ चा आहे आणि शेवटचा ते गेले त्या वर्षीचा, २०१६ चा. मधली २३ वर्षे त्यांनी सकाळ-संध्याकाळ थेंब टाकले. डावा डोळा दोन्ही कागदांवर काळा आहे. उजव्या डोळ्यातली कमान पहिल्या कागदावर जिथे होती, जवळजवळ तिथेच आहे.