आमची वाटचाल: डिस्क बदलणारे ते डिस्क मोजणारे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 2004 साली मोटरसायकलच्या गॅरेजसाठी पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं तेव्हा आमच्याकडं एक जुना कॉम्प्रेसर, पान्यांचे दोन सेट आणि दार न लागणारं लोखंडी कपाट एवढाच संसार होता. मी आयटीआय करून पाच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे केलेले. वडील पलीकडच्या गल्लीत लेथवर. त्यांची हयात ऑइल इंजिनाच्या पार्टसवर गेली. "तुमचं गाडीचं काम म्हणजे नुसती खोलाखोली. त्यात मापच नाही," असं ते म्हणायचे आणि मला राग यायचा.

दिवस मात्र बरे होते. 1999 ला सीबीझेड मोटरसायकल आली, 2001 ला पल्सर. पुढच्या चाकाला डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि ब्रेकचे पॅड दोन्हीकडून दाबतात ती चकती, असलेल्या गाड्या कोल्हापुरात दर महिन्याला वाढत होत्या, आणि ड्रम ब्रेकवर हात बसलेले जुने मिस्त्री डिस्कला बिचकायचे. आम्ही पाटी रंगवताना 'डिस्क ब्रेक स्पेशालिस्ट' लिहून टाकलं. स्पेशालिस्ट म्हणजे काय, तर ब्रेक दाबल्यावर लिव्हर हाताला ठोके द्यायला लागला की डिस्क बदलायची, पॅड नवे घालायचे, ब्रेक ऑइल बदलून ब्लीडिंग करायचं, म्हणजे पाइपातली हवा काढायची, आणि बिल फाडायचं. एका डिस्कमागं तीन-चारशे सुटायचे. गिऱ्हाईक गाडी फिरवून आणायचं, "एकदम लोण्यासारखा ब्रेक लागतोय," म्हणायचं. आम्हीही खूश.

मग गुरुजी आले.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, गगनबावड्याच्या पलीकडच्या एका वाडीत. जाऊन-येऊन रोजचे एकशेदहा-वीस किलोमीटर. त्यांच्या गाडीला आम्ही पहिली डिस्क 2010 च्या सप्टेंबरात घातली. तीन महिन्यांनी थरथर परत. माल खराब लागला असेल म्हणून दुसरी घातली, कंपनीची ओरिजिनल. उन्हाळ्यात परत तेच. तिसरी घातली. ऐन पावसात, 2011 च्या जुलैत, रेनकोटातून पाणी गळत असताना गुरुजींनी तिन्ही बिलं काउंटरवर ओळीनं मांडली आणि शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, माझ्या गाडीला डिस्क नाही ओ, हप्ता बसलाय."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. वडील तेव्हा चहाला आलेले. त्यांनी मला विचारलं, "आऊट किती आहे?" आऊट म्हणजे फिरताना डिस्क आडवी किती डुलते ते माप.

"दिसतंय की हलताना."

"दिसतंय म्हणजे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. सात वर्षं स्पेशालिस्टची पाटी लावून बसलो होतो आणि दुकानात तेवढं मोजायला साधा डायल गेज नव्हता.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतःचा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊन आले. स्टँड फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, नळीला लावायला गेले तर चिकटेना, कारण नळी ॲल्युमिनियमची. त्यांनी लेथवर जाऊन एक पट्टी कापली, मडगार्डच्या बोल्टात आवळली आणि स्टँड तिला चिकटवला. ती पट्टी आजही आमच्याकडं आहे. आधी त्यांनी चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बेअरिंगमध्ये प्ले नाही ना ते पाहिलं, कारण बेअरिंग ढिलं असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं. मग गेजची सुई डिस्कच्या कडेपासून थोडी आत टेकवली आणि चाक हळूहळू फिरवलं. आऊट निघाला 0.32 मिलिमीटर. बऱ्याच कंपन्या 0.3 च्या पुढं चालवू नका म्हणतात.

मी म्हटलं, "बघा, डिस्क वाकडी आहे." ते काहीच बोलले नाहीत. डिस्कवर आणि हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, खडूनं एक-एक खूण केली, पाचही बोल्ट काढले, डिस्क एक भोक पुढं सरकवून परत बसवली आणि पुन्हा मोजलं. दोष डिस्कमध्ये असता तर उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर पुढं सरकली असती. ती सरकली नाही. हबवरच्या खुणेपाशीच बसून राहिली.

डिस्क उतरवून हबची बैठक पाहिली. आदल्या वर्षी गुरुजींनी ते ॲलॉय व्हील खड्ड्यात आपटलं म्हणून बाहेरून सरळ करून, वर पावडर कोटिंग करून घेतलं होतं. रंग मारणाऱ्यानं बैठक झाकलीच नव्हती. एका बाजूला रंगाचा थर तसाच, समोरच्या बाजूला बोल्ट आवळून-आवळून सोललेला. फरक जेमतेम शंभर मायक्रॉन, म्हणजे 0.1 मिलिमीटर, केसाहून थोडा जास्त. पण बैठकीचा व्यास ऐंशी मिलिमीटर आणि डिस्कचा दोनशेचाळीस. आत शंभर मायक्रॉन तिरकं असलं की कडेला तीनशे होतं. पाढे आम्हालाही येत होते, मांडले मात्र कधी नव्हते.

मग नवी डिस्क घातल्यावर तीन महिने ब्रेक नीट का चालायचा? आम्हाला सात वर्षं फसवलं ते याच गोष्टीनं. नुसता आऊट असेल तर लिव्हरला फारसं काही कळत नाही, कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, आपल्या पिनांवर सरकून तेवढं सांभाळून घेतो. पण गाडी चालताना, ब्रेक न लावताही, डिस्कची उंच जागा दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते. तेवढीच जागा झिजते. गुरुजींच्या कॅलिपरच्या पिना लाल चिखलानं कोरड्या पडून अर्ध्या जाम होत्या, त्यामुळं झीज आणखी वेगानं. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क वाकडीच नाही, जाड-पातळही झालेली असते, आणि लिव्हरला जाणवतं ते हे जाड-पातळ. त्या तिसऱ्या डिस्कला वडिलांनी जाडी मोजायला आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावला. 3.98 मिलिमीटरपासून 3.93 पर्यंत. वीस-तीस मायक्रॉनच्या पुढं गेलं की हाताला कळतं, इथं पन्नास.

बैठक ब्लेडनं खरवडून, थिनरनं पुसून साफ केली. पिना काढून धुतल्या, नवे रबर, सिलिकॉन ग्रीस. चौथी डिस्क आमच्या खिशातून. बोल्ट समोरासमोर, ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क रेंचनं. तो रेंचही वडिलांच्या शॉपमधून मागून आणलेला. चाक बसवल्यावर ॲक्सलचा नट आवळायच्या आधी ब्रेक धरून फोर्क चार वेळा दाबून घेतला, म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी बसतात. मोजलं, 0.06.

त्या आठवड्यात डायल गेज विकत घेतला आणि पाटीवरचा 'स्पेशालिस्ट' पुसून टाकला.

काढलेल्या डिस्क वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही काही उद्योगही केले. एक लेथवर धरून फेस मारायला, म्हणजे वरचा पृष्ठभाग कापून सपाट करायला, गेलो तर चार मिलिमीटरचा स्टेनलेसचा पत्रा टूलखाली झांजेसारखा वाजला. मग सरफेस ग्राइंडरवर नेली. मॅग्नेटिक चकवर ठेवली, घासून आरशासारखी झाली, मोजली तर दोन्ही बाजू अगदी समांतर. चक बंद केला आणि डिस्क परत वाकडी! चुंबकानं ती ओढून सपाट धरलेली असते, सोडल्यावर ती आपल्या वळणावर जाते. शिवाय डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली जायचं नाही. तो धंदा तिथंच बंद.

आमच्या हातूनही घाण झाली, ती लपवत नाही. एका पोरानं कॅलिपरच्या पिनांना चेसिसचं साधं ग्रीस भरलं. पेट्रोलियमच्या ग्रीसनं रबर फुगतात. महिन्याभरात नऊ गाड्या पिना जाम होऊन परत आल्या. सगळ्या फुकट करून दिल्या. तेव्हापासून पिनांच्या ग्रीसची ट्यूब माझ्या गल्ल्यात असते. पोरं चेष्टा करतात, पण मागून न्यावी लागते.

दुसरा खेळ रंगीत फॅन्सी लिव्हरचा. करूळ घाट उतरायला गेलेला एक कॉलेजचा पोरगा चाक जाम होऊन टेम्पोतून परत आला. डिस्क तापून निळी पडलेली. बाजारातल्या त्या लिव्हरची नाकाडी जास्त लांब होती, ती मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हरजवळच्या ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या, पिस्टनला कायम हलकी दाबून ठेवायची. पिस्टन पूर्ण मागं येत नाही, ऑइल परत जायचं बारीक छिद्र उघडत नाही, तापलेलं ऑइल फुगतं, ब्रेक आपोआप आणखी लागतो. अशा गाडीला मी आधी वरचा, मास्टरजवळचा पाइप किंचित ढिला करतो. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये नाहीतर लिव्हरमध्ये. नाही सुटलं तर कॅलिपरचा हवा काढायचा निप्पल उघडायचा. त्यानं सुटलं तर पाइप आतून सुजलाय. त्यानंही नाही सुटलं तर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय. ऑइल रंगाला लागायच्या आत पुसायचं, नाहीतर टाकीचा रंगही आपल्याच खिशातून.

मोजायचे पैसे मागायला लागलो तेव्हा कटकटी सुरू झाल्या. "नुसतं बघितलं त्याचे अडीचशे?" हे वाक्य मी रोज ऐकलं. बायको हिशोब बघते. तिनं उपाय काढला: बिलावर आऊट किती, जाडी आठ ठिकाणी किती, पिना कशा होत्या, सगळं लिहायचं. कागद हातात पडला की माणूस कमी भांडतो. डिस्कची विक्री पहिल्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. तोटा झाला, हे खरं. पुढं दुसरे गॅरेजवालेच "एवढं मोजून द्या" म्हणून चाकं पाठवायला लागले, तेव्हा गाडी रुळावर आली.

2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पूर आला, तेव्हा दिवसाला वीस-वीस गाड्या पिनांपर्यंत गाळ भरून यायच्या. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, सक्तीचं झालं, आणि आता लिव्हर थरथरला की लोक "एबीएस बिघडलं" म्हणून येतात. एबीएसचा ठोका जोरात दाबल्यावर, चाक लॉक व्हायला लागल्यावर येतो. हलक्या हातानं दाबूनही थरथरत असेल तर आधी गेज लावा.

गुरुजींची 2013 ला शहराजवळ बदली झाली, आता निवृत्त आहेत. गाडी तीच. यंदा मे महिन्यात सर्व्हिसिंगला आले, मी डिस्कला मायक्रोमीटर लावला. 3.54 भरली. डिस्कवर कोरलेलं माप 3.5.

"म्हणजे चौथी पण जाणार म्हणा की."

"जाणार गुरुजी. पण ही झिजून जाणार."