पल्स मोटर, टप्पा तिसरा: शक्तीचा जमाखर्च

दिवाळीनंतर हाती घेतलेली पल्स मोटर (कॉइलला विजेचे आखूड ठोके देऊन चुंबक बसवलेली चकती फिरवणारी मोटर) गेल्या आठवड्यात प्रथमच अर्धा तास अखंड चालली. मिनिटाला सुमारे १८०० फेऱ्यांवर वेग स्थिर राहिला आणि तिच्यात किती शक्ती जाते व ती कोठे खर्च होते, याचा हिशेब मला खात्रीने मांडता आला. अशा मोटरीतून घातलेल्यापेक्षा अधिक शक्ती मिळते, हा समज आपल्या छंदाला जुनाच चिकटलेला आहे. माझ्या मते तो मोजमापाच्या ढिलाईतून येतो, म्हणून या नोंदीत मोजण्याच्या पद्धतीवरच भर दिला आहे.

कॉइलसाठी ३० गेजची वाईंडिंगची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर आणली. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, असल्यामुळे माळ्यावर आजीचा कांड्या भरण्याचा रहाट जपून ठेवलेला होता. त्याच्या चातीवर (फिरणाऱ्या दांडीवर) कांडीऐवजी प्लॅस्टिकचे रीळ घट्ट बसवले आणि डाव्या हाताच्या चिमटीत कापसाचा तुकडा धरून त्यातून तार सोडली. आजी सूत जसे सोडत असे, अगदी तसेच. वेढे मोजण्यासाठी एका जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ या बटणाच्या दोन्ही टोकांना रीड स्विचच्या (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या स्विचच्या) तारा डाखल्या व चातीवर लहान चुंबक चिकटवला. एक, अधिक, बरोबर अशी बटणे एकदा दाबून ठेवली की चातीच्या प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. रहाट भरभर फिरवला तर मात्र कॅल्क्युलेटरचे आकडे सुटतात. पहिली कॉइल याच कारणाने फसली, आणि ते मला तिचा रोध अपेक्षेपेक्षा जास्त भरल्यावर कळले. दुसरी संथपणे गुंडाळली: ६०० वेढे, सुमारे ४७ मीटर तार, रोध १०.६ ओहम. गाभ्यासाठी वेल्डिंगच्या रॉडवरचे आवरण ठोकून काढले, तुकडे लाल होईपर्यंत तापवून राखेत सावकाश थंड होऊ दिले आणि प्रत्येकाला व्हार्निश लावून मगच एकत्र बांधले. त्यामुळे गाभ्यात भोवरप्रवाह, म्हणजे धातूतच फिरून शक्ती वाया घालवणारे प्रवाह, कमी फिरतात.

रोटर ११० मिलिमीटर व्यासाच्या व १५ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीचा आहे. तिच्या कडेत चार छिद्रे पाडून १० मिलिमीटर व्यासाचे व तेवढ्याच लांबीचे निओडिमियम चुंबक, सर्वांचा दक्षिण ध्रुव बाहेर ठेवून, बसवले आहेत. सुरुवातीला ते झटपट चिकटणाऱ्या गोंदावर सोडले होते, आणि दुसऱ्याच चाचणीत त्यांतील एक चुंबक बोटाने हलवता येईल इतका सैल झाल्याचे आढळले. तेव्हा गणित करून पाहिले. चुंबकाचे वजन जेमतेम ६ ग्रॅम असले तरी १८०० फेऱ्यांना तो सुमारे १०.५ न्यूटन बलाने, म्हणजे एक किलोहून किंचित जास्त वजन टांगल्याप्रमाणे, बाहेर ओढला जातो. वेग दुप्पट केला तर हे बल चौपट होते. आता चकतीच्या कडेवर टॉवेलच्या विणकामातील दुपदरी सूत इपॉक्सीत भिजवून ताणून गुंडाळले आहे, आणि रोटरभोवती जाड प्लॅस्टिकचे कडे लावल्याशिवाय मी मोटर सुरू करत नाही. असा रोटर बनवणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन्ही उपाय करण्याची मनापासून विनंती करतो.

बेअरिंग ६०८ क्रमांकाची आहेत. त्यांतील ग्रीस रॉकेलने धुऊन काढून शिलाई मशिनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले, तेव्हा रोटर मोकळा फिरून थांबण्याचा काळ १४ सेकंदांवरून ३७ सेकंदांवर गेला.

चालक मंडल साधे आहे. ए ३१४४ हा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा घटक) चुंबकाचा दक्षिण ध्रुव समोर आला की बीसी ५५७ या लहान ट्रान्झिस्टरला चालू करतो आणि तो टीआयपी ४१ सी या ट्रान्झिस्टरला बेसचा प्रवाह पुरवतो. सेन्सर मी आधी कॉइलच्या तोंडाशीच लावला होता. तेथे कॉइलचे स्वतःचे क्षेत्रच त्याला भुलवत असे. आता तो रोटरच्या दुसऱ्या अंगाला, कॉइलपासून ९० अंशांवर, सरकत्या पट्टीवर आहे. गाभ्याकडे चुंबक आपोआपच ओढला जातो. तो गाभ्यासमोरून नुकताच पुढे सरकला की त्या क्षणी त्याला ढकलणारा ठोका मिळाला पाहिजे. चकतीच्या कडेवर १ मिलिमीटर म्हणजे साधारण १ अंश, आणि पट्टी २ मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी अँमीटरच्या वाचनात फरक स्पष्ट दिसतो.

ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर कॉइलमधील क्षेत्र ओसरते आणि तिच्या टोकांना उच्च दाबाचा झटका निर्माण होतो. तो यूएफ ४००७ या जलद डायोडमधून कपॅसिटरमध्ये साठवला जातो. एका रात्री मोटर चालू असतानाच मी कपॅसिटरची तार काढली. झटक्याला जायला वाट उरली नाही, टीआयपी ४१ सी ची १०० व्होल्टची मर्यादा ओलांडली गेली आणि तो आरपार शॉर्ट झाला. रोटर थांबला, पण कॉइलमधून सव्वा अँपिअरच्या जवळपास प्रवाह वाहत राहिला आणि खोलीत तारेवरचे इनॅमल तापल्याचा वास पसरला. सुदैवाने कॉइल वाचली. त्यानंतर ट्रान्झिस्टरला समांतर ६८ व्होल्टचा सप्रेसर डायोड (जादा दाबाला वाट देणारा) आणि बॅटरीच्या तारेत १ अँपिअरचा फ्यूज घातला आहे.

आता जमाखर्चाकडे येतो. मोटर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या सीलबंद बॅटरीवर चालते. बॅटरी व मंडल यांच्यामध्ये मोठा कपॅसिटर ठेवून अँमीटर बॅटरीच्या बाजूला जोडला, म्हणजे ठोक्यांचा प्रवाह सपाट होऊन खरी सरासरी मिळते. ती ०.१४ अँपिअर, म्हणजे १.६८ वॅट भरली.

झटक्यातून मिळणारी शक्ती मोजताना, त्या झटक्यांनी दुसरी बॅटरी भरून तिचा व्होल्टेज पाहून निष्कर्ष काढणे ही या छंदातील सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. टोकदार झटक्यांनी बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज चटकन वर चढतो व तासाभरात खाली बसतो. साठलेली ऊर्जा त्यातून कळत नाही. त्याऐवजी मी १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० व्होल्टपासून ३० व्होल्टपर्यंत भरण्यास लागणारा वेळ मोजतो. त्या दोन टप्प्यांमधली ऊर्जा बरोबर ४ ज्यूल होते. सहा चाचण्यांची सरासरी ११.५ सेकंद आली, म्हणजे ०.३५ वॅट.

यांत्रिक शक्तीसाठी पुरवठा तोडून रोटरचा वेग कसा उतरतो ते नोंदवले. शेजारी यंत्रमाग चालू असताना ध्वनिमुद्रणाचा काही उपयोग नसतो, म्हणून रोटरजवळ लहानशी पिकअप कॉइल ठेवून तिचा संकेत लॅपटॉपच्या माइकच्या जोडणीत दिला. पडद्यावर दर फेरीला चार शिखरे नीट मोजता येतात. १८०० वरून १७०० पर्यंत उतरायला १.४ सेकंद लागले. रोटरचे जडत्व आघूर्ण (फिरण्यातील बदलाला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे ०.०००३१ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले, तर बेअरिंग, हवा व गाभा यांवर होणारा खर्च ०.४२ वॅट निघतो. दोन्ही मिळून ०.७७ वॅट, म्हणजे पुरवलेल्या शक्तीच्या ४६ टक्के.

उरलेल्या ०.९१ वॅटचा माग तांब्यानेच दाखवला. अर्ध्या तासाने कॉइलचा रोध १०.६ वरून ११.१ ओहम झाला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे आतली तार १२ अंशांच्या आसपास तापली असे ठरते. वरून हात लावला तर ती जेमतेम कोमट लागत होती. सोलापूरचा मे महिना आणि आमच्या खोलीवरचे पत्रे लक्षात घेऊन हा आकडा मी मुद्दाम तपासला, कारण साध्या दर्जाच्या निओडिमियम चुंबकांना ८० अंशांपलीकडे नेणे योग्य नसते. त्या मर्यादेपासून आपण बरेच लांब आहोत.

मुख्य गळती कॉइलच्या रोधात आहे हे स्पष्ट झाल्यामुळे पुढची कॉइल २६ गेजच्या तारेची करत आहे. वेढे तेवढेच ठेवायचे आहेत. रीळ त्यासाठी मोठे घ्यावे लागले, आणि रोध कमी झाल्यावर प्रवाह वाढणार, तेव्हा सेन्सर थोडा दूर सरकवून ठोका आखूड करावा लागेल. रहाटावर हे रीळ काल चढवले असून कॅल्क्युलेटरवर सध्या २१४ हा आकडा आहे.