जिनिव्हातली छाट

युरोपात जायला काढाव्या लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या कागदांच्या यादीत एक ओळ असते: नोकरदार असाल तर मालकाने रजा मंजूर केल्याचं पत्र आणि गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. आम्हा प्राध्यापकांना हे पत्र कॉलेजचा क्लार्क चहा संपायच्या आत टाईप करून देतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला ते द्यायचं कुणी? कंपनी म्हणते, ती ठेकेदाराची माणसं. ठेकेदार म्हणतो, मी फक्त पान-तंबाखू पोचवतो आणि माल गोळा करतो.

जून 2025 मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचं 113 वं अधिवेशन भरलं होतं. ॲपवरून काम मिळणाऱ्यांसाठी नवा आंतरराष्ट्रीय करार करायचा की नाही, यावर तिथे चर्चा होती. त्याच सुमारास बाहेर एका युनियनच्या हॉलमध्ये डिलिव्हरी करणारी पोरं आणि घरी काम करणारे कामगार यांची बैठक ठरली. विडी कामगारांतर्फे स्वतः विडी वळणाऱ्या अक्का जाणार होत्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि हिशेब दोन्ही भाषांत पक्का. बरोबर दुभाषी म्हणून मी.

मालकाच्या पत्राऐवजी आम्ही फाईलला लावलं ते प्रॉव्हिडंट फंडाचं पासबुक. त्यात आस्थापनेचा कोड असतो, वर्गणी भरणाऱ्याचं नाव असतं. तोंडाने कंपनी काहीही म्हणो, फंडाच्या कागदावर ती मालक म्हणूनच बसलेली असते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या घराचे कागद जोडले. विडी कामगार बायकांसाठी उभारलेल्या त्या 10,000 घरांपैकी एक अक्कांचं आहे, आणि परत येण्याचं कारण म्हणून व्हिसा अधिकाऱ्याला स्वतःच्या नावावरचं घर पटतं. बँकेत मात्र आहे तेवढीच शिल्लक दाखवली. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी लाखभर रुपये खात्यात टाकून घेणारे लोक असतात, आणि अशी अचानक आलेली रक्कमच संशयाला जागा देते. त्यापेक्षा बोलावणाऱ्या संस्थेच्या पत्रात विमानभाडं, मुक्काम, जेवण, विमा यांतलं काय काय ती भरणार हे रकमांसह लिहून घ्यावं. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, अर्जाची फी 90 युरो. फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

खरी अडचण आली बोटांची. वर्षानुवर्षं पान दुमडून, दोरा ओढून, अंगठ्याच्या नखाने विडीचं तोंड दाबून बोटांच्या रेषा झिजतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही ही पूर्व भागातली जुनी रड आहे. व्हिसा केंद्रावर दहाही बोटं द्यावी लागतात. उपाय साधा पण महाग: मुंबईच्या तारखेआधी आठ-दहा दिवस विडीला हात लावायचा नाही, रात्री बोटांना खोबरेल चोळायचं, सकाळी साबणाने धुऊन कोरडं करायचं. मशीनवर बोट घासायचं नाही, सरळ टेकवून दाबायचं. काही बोटं मुळातच उमटत नसतील तर जेवढी उमटतात तेवढी घ्यावीत, असा नियम आहे. पण काउंटरवरच्या पोराला तो ठाऊक नसतो. पर्यवेक्षकाला बोलवा म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही.

महाग एवढ्यासाठी की हे दिवस बिनमजुरीचे. परिषदवाले दैनिक भत्ता देतात, तोही बहुतेक वेळा परतल्यावर, पावत्या पाठवल्यानंतर. बुडालेल्या मजुरीचा रकाना मी आजवर एकाही खर्चपत्रकात पाहिलेला नाही. कामगारांवर बोलायला प्राध्यापक गेला तर त्याला ऑन ड्यूटी रजा. कामगार स्वतः गेला तर त्याचा खाडा.

अक्कांनी बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरली. तूप काढून ठेवायला लावलं, कारण युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. विडीची तेंदूपानं नेली नाहीत, त्यांच्या दाखल्यांची भानगड नको होती. पान कापायच्या मापाचा पत्र्याचा फर्मा आणि कात्री सामानाच्या बॅगेत टाकली आणि पानाऐवजी खाकी कागद घेतला.

बैठकीत बोलायला पाच मिनिटं होती. मी इंग्रजीत सांगणार, तिथून फ्रेंच आणि स्पॅनिश, म्हणजे अक्कांच्या वाट्याला जेमतेम अडीच. म्हणून त्यांनी भाषण केलंच नाही. फर्मा कागदावर ठेवून कात्री फिरवली, सुरळी वळली, दोरा बांधला आणि हिशेब सांगितला. हजार विड्यांमागे दोन-अडीचशे ग्रॅम तंबाखू आणि वजनावर पानं मिळतात. रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात बांधायची, सकाळी कापायची. पानं फाटकी निघाली तर हजार भरत नाहीत. कमी पडलेलं पान पदरच्या पैशाने बाजारातून आणायचं. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून कारखान्यात न्यायचे. तिथे चेकर बसलेला. ही सैल, ही बारीक, हिचा दोरा वर चढला, असं म्हणत तो मूठभर विड्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीची मजुरी कापली जाते आणि छाटलेल्या विड्या बाईला परतही मिळत नाहीत.

हॉलमधला एक सायकलवाला पोरगा उठला. गिऱ्हाईक तारे कमी देतं, मग ॲप आपोआप काम कमी देतं आणि एक दिवस खातंच बंद होतं, कुणी केलं ते कळत नाही, असं म्हणाला. मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ह्यांचाबी चेकर हाय की ओ मॅडम. दिसत नाय एवढंच."

हे भाषांतर करून मी खाली बसले आणि वकील मंडळी उत्साहाने अक्षरशः उसळली. त्याला कारण होतं. घरी बसून विडी वळणाऱ्यांना प्रॉव्हिडंट फंड लागू होतो का, हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1985 च्या पी. एम. पटेल निकालात न्यायालयाने तो लागू होतो म्हटलं आणि आधार घेतला याच छाटीचा: माल नाकारण्याचा हक्क ज्याच्या हातात, त्याचंच कामावर नियंत्रण. 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना कामगार ठरवलं, तेव्हा नियंत्रणाच्या खुणांमध्ये प्रवाशांनी दिलेलं रेटिंगही मोजलं. युक्तिवाद तोच, आपल्याकडे छत्तीस वर्षं आधी होऊन गेलेला. तिकडच्या एकाही वक्त्याला तो माहीत नव्हता. आपल्या विद्यापीठांतही कितीजणांना आहे, हे न विचारलेलं बरं.

जेवणाच्या सुट्टीत एक वकीलबाई अक्कांचे हात धरून म्हणाल्या, ही छाट म्हणजे तुमचं फार मोठं हत्यार आहे. अक्का हसल्या. नंतर मला म्हणाल्या, "हत्यार कसलं? माझ्या आठवड्याच्या भाजीचे पैशे जातेत त्यात."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. छाट बंद करा ही बायकांची जुनी मागणी, आणि न्यायालयात मालकाला मालक ठरवणारा पुरावा तीच. कंपन्यांना हे आपल्या आधी कळलंय. सेल-परचेस पद्धतीत कागदोपत्री बाई पान-तंबाखू ‘विकत’ घेते आणि तयार विड्या ‘विकते’. मग नाकारलं ते व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला, मजुरी नाही, फंड नाही. जिनिव्हात 1996 साली मंजूर झालेला घरी बसून करायच्या मजुरीच्या कामाविषयीचा 177 क्रमांकाचा करार अशा बाईला कामगारच मानतो, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यात 1966 चा विडी कामगार कायदाही आता श्रमसंहितेत विरघळलाय.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. एका इमारतीत विडी कशी संपवावी यावर बोलतात, दुसरीत विडीवालीला कसं सांभाळावं यावर. आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं 17 वं कलम कामगारांना पर्यायी रोजगार द्या म्हणतं. मधला रस्ता ओलांडून कुणी कुणाला भेटायला जात असेल असं मला वाटत नाही.

सोलापुरात परतल्यावर अक्कांनी वस्तीत बैठक घेतली. छाट बंद करा ही मागणी त्यांनी सोडली नाही, पण त्याआधी छाटीची नोंद मागितली: रोज किती आणल्या, किती काढल्या, तारीख आणि चेकरची सही. चेकर सही करत नाही. म्हणून बायका छाट काढलेल्या सुपाचा मोबाईलवर फोटो काढू लागल्या, शेजारी कट्टे आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. थोड्याच दिवसांत आत मोबाईल आणायला बंदी असल्याची नोटीस भिंतीवर लागली. तिच्यावर ना शिक्का, ना सही. अक्कांचं म्हणणं, बंदी घालतो तोच मालक, ही नोटीसच पुरावा म्हणून लावा. आमचे वकील म्हणतात, सहीशिवाय तिला किंमत नाही. तूर्त बायका छाट वहीत स्वतःच लिहून ठेवतात आणि एकमेकींच्या सह्या घेतात.