उत्तर कॉट्सवोल्ड्समधल्या आणि आसपासच्या चार जुन्या बागा: कोणत्या क्रमाने पाहाव्यात, किती वेळ द्यावा

इंग्लंडमधल्या ऐतिहासिक बागांची यादी काढायला बसलं तर महिनाही पुरणार नाही. केंटमध्ये सिसिंगहर्स्ट, विल्टशरमध्ये स्टाउरहेड, बकिंगहॅमशरमध्ये स्टोव. प्रत्येक नाव मोहात पाडणारं आणि प्रत्येकासाठी निम्मा देश ओलांडायला लावणारं. आम्ही ठरवलं ते उलट. उत्तर कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या मोरटन-इन-मार्श या छोट्या गावात मुक्काम ठोकायचा आणि तिथून तासाभराच्या आत पोहोचता येईल तेवढ्याच बागा पाहायच्या. चार निवडल्या: सेझिनकोट, हिडकोट, किफ्ट्सगेट आणि राउशम. मी, माझा नवरा आणि कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली मावशी असे आम्ही तिघे होतो. जूनचा शेवट होता.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून मोरटनला थेट गाडी आहे, साधारण दीड तासाची. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत गावाचा मुख्य रस्ता. इथपर्यंत सोपं आहे. पुढे मात्र बागा गावांपासून दूर, अरुंद रस्त्यांच्या टोकाला आहेत. बस मोरटनहून चिपिंग कॅम्पडनपर्यंत जाते, हिडकोटच्या दारात नाही, आणि रविवारी तिचा भरवसा धरू नये. टॅक्सी रस्त्यावर उभी मिळत नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, आणि परतीचीही तेव्हाच ठरवावी. आम्ही गाडी भाड्याने घेतली. आपला इंग्रजीतला भारतीय परवाना पर्यटकाला तिथे वर्षभर चालतो आणि गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे बुजायचं कारण नाही. फक्त एका गाडीपुरत्या गल्ल्यांमध्ये समोरून कोणी आलं तर जवळची रुंद जागा गाठून थांबायचं आणि हात वर करून आभार मानायचे, ही तिथली रीत पाळावी.

सुरुवात सेझिनकोटने करा, असं मी कोणत्याही मराठी माणसाला सांगेन. मोरटनपासून हाकेच्या अंतरावर, बोर्टन-ऑन-द-हिल गावाच्या खाली, ओकच्या झाडांमधून वळत जाणारा रस्ता संपतो आणि समोर इंग्लंडच्या टेकडीवर तांब्याचा हिरवट घुमट, छज्जे आणि कोपऱ्यांवर छत्र्या असलेला महाल उभा राहतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये संपत्ती मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने तो १८०५च्या सुमारास बांधून घेतला. आराखडा त्याचाच भाऊ, वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेल याचा. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजाने हे घर पाहिलं होतं, आणि ब्रायटनच्या त्याच्या महालाला जे भारतीय रूप आलं त्याचं बीज इथलं मानतात. हा सगळा डौल कुठल्या पैशावर उभा राहिला, हे मनात ठेवूनच घर पाहावं. मी ते ठेवलं, आणि तरीही बाग मला मनापासून आवडली.

कारण बागेतल्या देवळाला आणि पुलाला थॉमस डॅनिएलचा हात लागला आहे. हा चित्रकार पुतण्या विल्यमला घेऊन १७८६ ते १७९३ अशी वर्षं हिंदुस्थानात हिंडला आणि शेवटी मुंबईला पोहोचला. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. पुण्याला येऊन सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रं काढणारा तोच वेल्स. त्याने डॅनिएल काका-पुतण्यांना मुंबईजवळची लेणी दाखवली. वेल्सने वेरूळची जी चित्रं काढून ठेवली होती, तीही त्याच्या मृत्यूनंतर डॅनिएलनेच छापून प्रसिद्ध केली. सेझिनकोटच्या ओढ्यावरच्या पुलाखाली उतरलात की याचा अर्थ कळतो. पुलाला पेलणारे जाड, बुटके खांब घारापुरीच्या खांबांवरून घेतले आहेत. वर कठड्यावर नंदी बसलेले, खाली पाण्यात पाय ठेवायला दगड, आणि खांबांच्या मध्ये बसायला जागा. मावशी तिथे बराच वेळ बसली. "अगं, खांब आपलेच, पण वर बघ, नेचे वाढलेत," ती म्हणाली. घारापुरीच्या कोरड्या सावलीतले खांब इथे ओल्या हिरव्या काळोखात आहेत, आणि ते तिथे शोभतात.

पुलाच्या वरच्या अंगाला छोटं सूर्यमंदिर आणि त्यापुढे कुंड. पाणी तिथून निघतं, पुलाखालून जातं आणि खालच्या तळ्यात पोहोचतं. तिथे एका खोडाला तीन फण्यांचा नाग वेटोळे घालून बसला आहे. म्हणून देवळापासून सुरुवात करून पाण्याबरोबर खाली उतरत जावं. बहुतेक लोक घरापाशी थांबून मग उलटे चढत येतात, त्यात ओढ्याचा प्रवास हातून सुटतो. घराच्या दक्षिणेला लांब पाट आणि दोन बाजूंना आयरिश यूची उभी, सदाहरित झाडं असलेली मुघल चारबागेच्या धर्तीची बाग आहे. ती मात्र जुनी नाही. विसाव्या शतकात घराची मालकी क्लाइनवर्ट कुटुंबाकडे आली आणि लेडी क्लाइनवर्ट भारतात जाऊन आल्यावर १९६०च्या दशकात ती केली गेली. आपल्याकडचे सुरू (सायप्रस) तिथे टिकत नाहीत, म्हणून यू लावले. मला ती ओढ्याच्या बागेइतकी भावली नाही. वक्राकार ऑरेंजरीत, म्हणजे थंडीत नाजूक झाडं ठेवायच्या जुन्या काचेच्या दालनात, चहा मिळतो, तो मात्र घ्याच, खिडक्यांवरच्या मोरपिसाऱ्यासारख्या कमानी पाहण्यासाठी तरी.

सेझिनकोट खासगी घर आहे. आठवड्यातले मोजकेच दिवस, तेही हंगामात आणि दुपारी उघडतं. त्यामुळे सगळ्या प्रवासाची आखणी या एका बागेच्या दिवसावरून करा, बाकीच्या तिच्याभोवती बसवा. ज्यांचा दिवस जुळणार नाही त्यांनी बोर्टन-ऑन-द-हिलहून लाँगबरोकडे जाणारी पायवाट धरावी. ती याच मालमत्तेच्या कुरणांतून जाते, सर्वांना खुली आहे, आणि तिच्यावरून घर व घुमट दिसतो.

हिडकोट आणि किफ्ट्सगेट एकमेकांच्या शेजारी आहेत, चालत पाच-दहा मिनिटांवर. हिडकोट १९०७ मध्ये गर्ट्रूड विन्थ्रॉप या अमेरिकन बाईंनी घेतलं आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स जॉन्स्टन याने पुढची तीसेक वर्षं तिथे बाग घडवली. टेकडीच्या माथ्यावरची उघडी, वाऱ्याची जागा. त्याने यू, बीच, हॉली, हॉर्नबीम यांची उंच कुंपणं वाढवून आतमध्ये खोल्या केल्या. एकात पांढरी फुलं, दुसऱ्यात गोल हौद आणि बाकी जवळजवळ काहीच नाही, तिसऱ्यात तांबडेच ताटवे. एका कुंपणात तर चार-पाच जातींची झाडं मिसळून छाटली आहेत, प्रत्येकीची हिरवी छटा वेगळी. वारा अडवायला उभ्या केलेल्या भिंतींतून या बागेचा सगळा स्वभाव घडला आहे. खोली अरुंद असली की पुढची मोकळी, फुलांनी गच्च भरलेली असली की तिच्यानंतरची नुसत्या हिरवळीची. मला वाटतं जॉन्स्टनला फुलांपेक्षाही हा श्वास घेण्यातला फरक अधिक कळला होता.

तांबड्या ताटव्यांमधून सरळ वर चढा. पायऱ्यांवर समोरासमोर दोन छोटी घरं आहेत. त्यांच्या पलीकडे हॉर्नबीमच्या झाडांच्या रांगा आहेत, खोडं उघडी आणि वरचा पाला चौकोनी छाटलेला. त्या संपल्या की फाटक, आणि फाटकाबाहेर एकदम ईव्हशमचं खोरं. तिथून परत येताना दोन घरांपैकी एकाच्या दारातून बाजूला पाहा: उताराने खाली जाऊन पुन्हा चढणारी लांबच लांब हिरवळ, दोन्ही बाजूंना कुंपण, एकही फूल नाही. मावशी इथे खूष झाली नाही. तिचं मन झाडांच्या पाट्यांत होतं. जॉन्स्टन स्वतः १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि १९३१ मध्ये वनस्पतिसंग्राहक जॉर्ज फॉरेस्टबरोबर चीनच्या युन्नान प्रांतात रोपं गोळा करायला गेला होता, हे तिला ठाऊक होतं. नर्सऱ्यांत जी ठेंगणी, गडद जांभळी 'हिडकोट' लव्हेंडर मिळते तिचं नावही या बागेचंच.

१९४८ मध्ये हिडकोट नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेकडे, आलं. घरासाठी नव्हे तर निव्वळ बागेसाठी ट्रस्टने स्वीकारलेली ही पहिली जागा. त्यामुळे गर्दी असते. अकरा ते दोनच्या दरम्यान मोठ्या बसगाड्या येतात, अरुंद खोल्यांत रांग लागते आणि बागेचा अर्थच हरवतो. उघडण्याच्या वेळेला पोहोचा किंवा दुपारी तीननंतर जा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण बागा त्याआधीच बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याहून आधी. तेवढं पाहून ठेवा. ट्रस्टच्या तीन-चार जागा पाहणार असाल तर सदस्यत्वाचा हिशोब करून बघा. सेझिनकोट, किफ्ट्सगेट आणि राउशम खासगी आहेत, तिथे ते चालत नाही.

किफ्ट्सगेट तीन पिढ्यांच्या बायकांनी केलेली बाग आहे, आणि तिथे गेल्यावर ते जाणवतं. पहिल्या महायुद्धानंतर हेदर म्यूर यांनी ती सुरू केली, शेजारच्या जॉन्स्टनशी त्यांची मैत्री होती. मग त्यांची मुलगी डायानी बिनी, मग नात ॲन चेंबर्स. हिडकोटमध्ये एका माणसाचा हट्ट दिसतो, तर इथे प्रत्येकीने आधीचीचं राखून आपलं काही घातलेलं. डायानी यांनी उताराच्या तळाशी अर्धवर्तुळाकार पोहण्याचा तलाव केला, ॲन यांच्या काळात टेनिस कोर्टाच्या जागी काळ्या पाण्याचा चौकोनी हौद आला, त्यात सोनेरी पानांचं शिल्प हलत असतं. आणि ती प्रसिद्ध किफ्ट्सगेट गुलाबवेल. ती १९३८ मध्ये लावली. आता झाडावर सुमारे ५० फूट चढली आहे. पांढऱ्या एकेरी फुलांचे घोस जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतच असतात. ती फुललेली पाहायची असेल तर तारखा त्याच धरा. आम्हाला बहराची सुरुवात मिळाली. मावशी मान वर करून अर्धा तास उभी होती आणि या एका वेलीसाठी विमानाचं तिकीट वसूल झालं म्हणाली.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: किफ्ट्सगेटची खालची बाग कड्यासारख्या उतारावर आहे, नागमोडी वाट आणि पायऱ्या. काठी न्या. वरच्या सपाट भागात राहूनही बाग पुष्कळ दिसते. सेझिनकोटच्या पुलाखालचे दगड पावसात निसरडे होतात. दोन्हीकडे पकड असलेले बूट हवेत, कापडी चपला-सँडल नकोत.

शेवटी राउशम, ऑक्सफर्डच्या उत्तरेला. वेळ कमी असेल तर बाकी तीन सोडून हीच पाहा, इतकं माझं तिच्यावर प्रेम बसलं. बागांचा आराखडाकार विल्यम केंट याने जनरल डॉर्मरसाठी ती १७३८ ते १७४१ दरम्यान घडवली आणि नंतर फारशी कोणी बदलली नाही. घर आजही त्याच घराण्याकडे आहे. फुलांचे ताटवे शोधू नका. इथे उतार, झाडांची सावली, पुतळे, चेरवेल नदी आणि पलीकडची शेतं एवढंच आहे. बाग आणि कुरण यांच्यामध्ये कुंपण नाही, खोल चर आहे. तिला तिकडे हा-हा म्हणतात. त्यामुळे चरणाऱ्या लांब शिंगांच्या गाई बागेतच असल्यासारख्या दिसतात. दूर टेकडीवर एक पडकी कमान आहे. ती खरी पडझड नव्हे, नजर तिथवर जावी म्हणून केंटने मुद्दाम उभारली.

१७५० मध्ये इथला मुख्य माळी जॉन मॅक्लारी याने पत्रात बाग कशी फिरावी ते पायरीपायरीने लिहून ठेवलं आहे. त्या क्रमाने गेलं तर केंटची युक्ती कळते. घरामागच्या हिरवळीवर सिंहाने घोड्यावर झडप घातलेली आहे. पुढे कठड्यापाशी मरणोन्मुख योद्ध्याचा पुतळा, तिथे उभं राहिलं की खाली नदी. आपण कशावर उभे आहोत याचा पत्ता नसतो. पुढे व्हीनसच्या दरीत उतरा, झाडांतून सापासारखा वळत जाणारा हातभर रुंदीचा पाट धरा, अष्टकोनी स्नानकुंड बघा, नदीकाठाने परत या. आणि तेव्हा दिसतं की मघाशी ज्यावर उभे होतो त्याच्याखाली सात कमानींची अख्खी ओसरी होती. त्या ओसरीतल्या बाकावर बसून आम्ही जेवलो.

जेवण बरोबर न्यावंच लागतं, कारण राउशमला दुकान नाही, उपाहारगृह नाही. आम्ही मोरटनच्या मुक्कामी केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिथल्या बाजारातल्या स्ट्रॉबेरी नेल्या होत्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, कुत्र्यांनाही नाही. लहान मुलं बरोबर असतील तर दोघांनी आळीपाळीने जावं. रेल्वेने यायचं तर ऑक्सफर्ड-बॅनबरी मार्गावरचं हेफर्ड स्टेशन सुमारे मैलभरावर आहे. तिथे थोड्याच गाड्या थांबतात, परतीची वेळ आधी पाहा. बाग वर्षभर उघडी असते आणि फुलांवर अवलंबून नसल्याने ऑक्टोबरमध्ये किंवा हिवाळ्यातही तितकीच चांगली लागेल.

इतर ठिकाणी खाण्याची अडचण येत नाही. सूप, भाजलेला बटाटा, चीजचं सँडविच मिळतं. अंडं न खाणाऱ्यांनी केक टाळावा आणि स्कोनवर अंड्याचा हात फिरवला आहे का ते विचारावं, विचारल्यावर नीट सांगतात.

एक गोष्ट आणखी. वाटेत फाटकांवर पिवळे फलक दिसले तर गाडी थांबवा. १९२७ पासून नॅशनल गार्डन स्कीम या योजनेखाली लोक परिचारिकांच्या आणि आरोग्याच्या कामांना मदत म्हणून आपल्या खासगी बागा एखाद्या दिवसापुरत्या उघडतात. पहिल्या वर्षी ६०९ बागा उघडल्या होत्या, शिलिंगभर तिकिटात. अशाच एका फलकामागे लागून आम्ही एका आजोबांच्या परसात शिरलो. त्यांनी मावशीला वाटाण्याचे वेल दाखवले, आणि मग दोघांचं वाटाण्यावर जे बोलणं सुरू झालं त्यात पुढच्या दुपारचा ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवावा लागला. म्हणून दिवसाला एकच मोठी बाग ठरवा, फार तर हिडकोट-किफ्ट्सगेटची जोडी, आणि उरलेली दुपार रिकामी सोडा.