सुरू होताना सिग्नल गमावणारा मॉनिटर आणि 'दोष आढळला नाही' हा शेरा

माझ्या मॉनिटरच्या जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तपासणी-नोंदीच्या कागदावर, आजही 'तपासणीत दोष आढळला नाही' असाच शेरा आहे आणि तो बदलून मिळावा हा माझा आग्रह अजून सुटलेला नाही. सकाळी संगणक सुरू केला की पंखे फिरायचे, कीबोर्डचे दिवे लागायचे, मॉनिटरवर कंपनीचे चिन्ह क्षणभर उमटायचे आणि लगेच 'नो सिग्नल' अशी पाटी येऊन पडदा काळा व्हायचा. सांगलीत मी जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्राची २० तारीख तोंडावर असताना काळ्या पडद्यासमोर बसून राहणे काय असते, हे या व्यवसायातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

घरच्या घरी करण्यासारखे सगळे करून झाले होते. नम लॉकचे बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत होता, म्हणजे संगणक चालू होता आणि फक्त चित्र पोहोचत नव्हते. केबल मदरबोर्डच्या नव्हे, पडद्यासाठी चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टला होती. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या. मॉनिटरच्या मेनूमध्ये इनपुट 'ऑटो'वरून काढून डिस्प्लेपोर्टवर (संगणकाचे चित्र मॉनिटरपर्यंत नेणारी, मी वापरत असलेली जोडणी) पक्के केले. कशानेही फरक पडला नाही, म्हणून वॉरंटीत तक्रार नोंदवली.

खरा खोळंबा तिथे सुरू झाला. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात होते आणि फोनवर स्पष्ट सूचना मिळाली, की फक्त मॉनिटर आणा. केबल, स्टँड, खोके काहीही नको. तिथल्या अर्जात दोषाचे ठरावीक पर्याय होते : डिस्प्ले नाही, पडद्यावर रेषा, डाग, बटणे चालत नाहीत. दोष केव्हा दिसतो, हे लिहायला अर्जात जागाच नव्हती. मी समासात बारीक अक्षरांत 'रात्रभर बंद राहिल्यानंतर, सुरू करतानाच' असे लिहिले. काउंटरवरच्या मुलाने संगणकात 'डिस्प्ले नाही' एवढेच नोंदवले. आतल्या टेबलावर एक संगणक दिवसभर चालू असतो, त्याला त्यांनी त्यांच्याच केबलने माझा मॉनिटर जोडला आणि चित्र अर्थातच तत्काळ आले. "सर, आमच्याकडे डिस्प्ले येतोय," हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकले, की फोन उचलला जाण्याआधीच ते मला ऐकू यायचे.

मी विनंती केली, की मॉनिटर रात्रभर स्टँडबायवर, म्हणजे पडदा बंद पण वीज चालू असा, ठेवा, त्याला जोडलेला संगणक पूर्ण बंद करा आणि सकाळी सुरू करून पाहा. त्यांनी मॉनिटर ठेवून घेतला आणि त्याच शेऱ्यासह परत दिला. रात्री तो स्टँडबायवर होता का, असे विचारल्यावर कळले, की सेंटर बंद करताना मेन स्विचच बंद होतो. मग माझा संगणक आणि माझी केबल आणतो, इथेच दाखवतो, असे म्हणालो, तर "सीपीयू आपल्या वॉरंटीत येत नाही" असे उत्तर मिळाले. मॉनिटरचा सिग्नल ही एकट्या मॉनिटरची गोष्ट नसते. मॉनिटर जोडला गेल्याचा इशारा आधी कार्डापर्यंत जावा लागतो, मग कार्ड मॉनिटरची माहिती वाचते, दोघे वेग ठरवतात आणि त्यानंतरच चित्र सुरू होते. या देवाणघेवाणीतला दोष तपासायचा, तर मॉनिटर, केबल आणि संगणक हे तिन्ही एकत्र असावे लागतात. तिन्हींपैकी एकच घेऊन दिलेला 'दोष नाही' हा निष्कर्ष अपुरा आहे, एवढे साधे म्हणणे मी प्रत्येक पातळीवर मांडले आणि प्रत्येक वेळी तक्रार आपोआप बंद झाली.

उलगडा घरीच झाला, तोही पावसामुळे. आमच्या घरी विजा होऊ लागल्या, की रात्री बोर्डावरचे बटण बंद करण्याची पद्धत आहे. ज्या रात्री ते बंद असायचे, त्याच्या दुसऱ्या सकाळी मॉनिटर व्यवस्थित सुरू व्हायचा; ज्या रात्री चालू राहायचे, त्या सकाळी काळा पडदा ठरलेला. एका संध्याकाळी कॅबिनेटची बाजू उघडून संगणकाचा प्लग काढला, मॉनिटरचा मात्र तसाच ठेवला. बराच वेळ झाला तरी ग्राफिक्स कार्डाच्या कडेचा एक बारीक दिवा मंद जळत राहिला. डिस्प्लेपोर्टची केबल उपसली आणि तो विझला. बंद संगणकाच्या कार्डात मॉनिटरकडून वीज शिरत होती, म्हणून कार्ड रात्रभरात पूर्ण बंदच होत नव्हते आणि सकाळी सुरू होताना अडत होते.

डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत २० पिना असतात आणि विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात, तेही दोन्ही बाजूंच्या पोर्टवर. ही वीज जोडल्या जाणाऱ्या अडॅप्टरांसाठी आहे. संगणक आणि मॉनिटर यांना जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये या पिनेची तार असू नये, असे हे मानक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेचे स्पष्ट म्हणणे आहे. तरीही अशी तार असलेल्या केबली बाजारात येतात, आणि माझी तर मॉनिटरच्या खोक्यातूनच आली होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने मल्टिमीटर लावून दोन्ही टोकांच्या विसाव्या पिना एकमेकींना जोडलेल्या असल्याचे दाखवले. हे काम अनुभवी हातानेच करावे, कारण पिना फार जवळजवळ असतात. केबल बदलली आणि त्या दिवसापासून मॉनिटर एकदाही अडलेला नाही. 'केबल आणू नका' या सूचनेने दोषी वस्तूच तपासणीबाहेर राहिली होती, याचा संताप मात्र केबलबरोबर गेला नाही.

असा त्रास होत असेल, तर आधी मॉनिटरचा प्लग काढून संगणक सुरू करावा आणि मग मॉनिटर लावावा. एवढ्याने चित्र येत असेल, तर केबलवर संशय घ्यावा. तोच संगणक आणि मॉनिटर काही दिवस एचडीएमआय या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर चालवून पाहणे हीसुद्धा चांगली कसोटी आहे. नवी केबल घेताना ती व्हेसा-प्रमाणित आहे का, ते पाहावे. 'डीपी ८के' असे चिन्ह असलेल्या केबली प्रमाणित असतात. आणखी एक सांगायचे राहिले : विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' केल्यावर संगणक प्रणालीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवतो, 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून रीस्टार्टला चित्र येते आणि सकाळी येत नाही, असे घडत असेल, तर ती सोय बंद करून पाहावी. माझ्या बाबतीत कारण ते नव्हते, पण अनेकांच्या बाबतीत असते. विंडोज सुरू झाल्यानंतर पडदा गेला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबल्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो.

मल्टिमीटरच्या छायाचित्रांसह मी कंपनीला पत्र पाठवले. उत्तरादाखल कुरिअरने नवी केबल आली. सोबत कारणाचा एक शब्दही नव्हता आणि जॉबशीटवरचा शेरा आहे तसाच आहे. माझी मागणी एवढीच आहे, की तिथे 'केबलमध्ये दोष' असे लिहिले जावे, म्हणजे त्याच मॉनिटरची तक्रार घेऊन येणाऱ्या पुढच्या माणसाला निदान केबल सोबत आणायला सांगितले जाईल. तोपर्यंत, कोणी काहीही सांगितले तरी, मॉनिटर देताना त्याची केबल सोबत न्यावी, दोष केव्हा दिसतो ते जॉबशीटवर लिहून घ्यावे आणि सहीची प्रत घेतल्याखेरीज काउंटर सोडू नये.