तांदळाचं धुवण

पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर १७ वर्षांच्या घोडीने मला दोन माज दमवलं. दर वेळी घोडा दिला, पंधराव्या दिवशी स्कॅनला गर्भाशय रिकामं. स्वॅबमध्ये जंतू उगवले नव्हते, तरी मी अँटिबायोटिक मारत बसले. चूक माझीच.

तिसऱ्या माजाला सकाळी ७ वाजता घोडा दिला आणि दुपारी १ वाजताच सोनोग्राफीचा प्रोब आत घातला. पडद्यावर साचलेल्या द्रवाचं काळं तळं, चांगलं ३ सेंटिमीटर. कोमट रिंगर लॅक्टेटने, म्हणजे सलाइनसारख्या क्षारद्रवाने, गर्भपिशवी धुवायला घेतली. पहिला लिटर परत आला तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ. थेंबभर स्लाइडवर घेऊन रंगवला. पांढऱ्या पेशींची, म्हणजे न्यूट्रोफिलची, नुसती झुंबड. काहींच्या पोटात शुक्राणूंची डोकी. एकीत दोन होती आणि एक शेपूट अजून बाहेर लोंबत होती.

आमच्या मोतद्दारांना मी मामा म्हणते. त्यांनीही डोळा लावला. "मॅडम, ह्या तर गिळतायत. मग शिंगरू राहायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. एका वेळी घोडा काही अब्ज शुक्राणू सोडतो. घोडीच्या शरीराला ते परकेच. अर्ध्या तासात न्यूट्रोफिल धावून येतात आणि मेलेले, उरलेसुरले उचलतात. जिवंत शुक्राणूंना त्या चिकटू नयेत याची काळजी वीर्यातल्या द्रवातलीच काही प्रथिनं घेतात. शिवाय कामाचे शुक्राणू ४ तासांत गर्भनलिकेत पोचलेले असतात, म्हणून तर त्यानंतर बिनधास्त धुता येतं. पेशींच्या या गर्दीने येणारी सूज प्रत्येकच घोडीला येते. निरोगी घोडी दीड-दोन दिवसांत सगळं बाहेर टाकते. हिची पिशवी वयाने लोंबलेली, आकुंचन दुबळं; घाण आतच साचायची. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ पिशवीत उतरला, तर तो या डबक्यातच पडणार.

तिसरा लिटर स्वच्छ आला. पिशवी आकुंचन पावावी म्हणून ऑक्सिटोसिन २० युनिट शिरेतून दिलं आणि मामांना तिला तासभर चालवायला सांगितलं. ते दोन तास चालवत होते.

पंधराव्या दिवशी पिशवीच्या उजव्या शिंगाच्या, म्हणजे फाट्याच्या, बुडाशी गोल काळा ठिपका, २ सेंटिमीटरचा: गर्भ. द्रव थेंबभरही नाही. जुळं तर नाही ना, म्हणून डावं शिंग तपासून मी मागे वळले, तर मामा ऑफिसकडे निघूनही गेले होते.